घोडबंदर रस्ता आणि न्यायालयाने मागितलेला ध्वनिनकाशा

ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा तिचा रोख मंडप आणि लाऊडस्पीकरवर होता. रस्ता अडवून घातलेले मंडप, रात्री दहानंतरही चालू राहणारे भोंगे, तक्रारीची दखल न घेणारी यंत्रणा. न्या. अभय ओक आणि न्या. अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६मध्ये निकाल दिला आणि बातम्या आल्या त्या साहजिकच भोंग्यांच्या. लाऊडस्पीकर लावणे हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, हे वाक्य सगळीकडे गाजले. निकाल मात्र बराच लांब आहे. त्यात राज्य सरकारला शहरांचे ‘नॉईज मॅपिंग’ करण्याचाही निर्देश आहे. तिथवर वाचत जाणारे थोडेच निघाले. हे प्रकरण त्या एका निर्देशाचे आहे.

हा निर्देश हवेतून आलेला नव्हता. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मधल्या तिसऱ्या नियमाचा चौथा पोटनियम सांगतो की, विकास प्राधिकरणांनी आणि स्थानिक संस्थांनी नगररचनेचे काम करताना ध्वनिप्रदूषण हा जीवनमानाचा एक निकष म्हणून विचारात घ्यावा. नियम छापून सोळा वर्षे झाली होती. पण एखाद्या महापालिकेने विकास आराखडा करताना आवाजाचा विचार केला की नाही, हे तपासायचे कशावरून? कोणत्या गल्लीत किती आवाज आहे याची नोंदच नसेल, तर नगररचनाकार बिचारा विचार करणार कशाचा? म्हणून आधी नकाशा. लाऊडस्पीकरच्या भांडणातून निघालेली गोष्ट अशी रस्ते, रेल्वे, कारखाने आणि बांधकाम परवानग्यांच्या दारात येऊन उभी राहिली.

पुढे राज्यातल्या २७ महापालिका शहरांच्या मॅपिंगचे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या ‘नीरी’कडे, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे, सोपवले.

माझा या विषयाशी संबंध पोटापाण्याचा आहे. रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी वाहने मोजायची, त्यावरून आवाजाचा हिशोब मांडायचा. त्यामुळे मी हा निर्देश वकिलाच्या नजरेने वाचला नाही. नकाशा खरोखर काढायला बसलो तर टेबलावर काय काय लागेल, एवढाच प्रश्न डोक्यात होता. उदाहरणाला रस्ता घेतला घोडबंदरचा. याचिका ठाण्याची, म्हणून रस्ताही ठाण्याचा, हे एक कारण. दुसरे असे की, या एका पट्ट्यात आवाजाच्या नकाशाला आडवी येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण उभी आहे.

मीटर घेऊन फिरले म्हणजे नकाशा होत नाही

आपल्याकडे ध्वनिनकाशा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती साऊंड लेव्हल मीटर घेतलेली माणसे, शहरभर निवडलेली ठिकाणे, तिथली रीडिंग आणि मग संगणकाने मधली जागा भरून काढलेले हिरवे-पिवळे-लाल पट्टे. आपल्याकडचे बहुसंख्य नकाशे असेच तयार होतात. पावसाच्या नकाशाला ही रीत चालते, कारण पाऊस दोन पर्जन्यमापकांच्या मध्ये एकदम भिंत बांधून थांबत नाही. आवाज थांबतो.

घोडबंदरला रस्त्याकडेला सलग उभी असलेली वीस-बावीस मजली इमारतींची ओळ घ्या. एक मीटर रस्त्याच्या कडेला ठेवला, दुसरा पुढच्या चौकात. मधल्या जागेचा आकडा काढताना सॉफ्टवेअर दोन्हींची सरासरी घालून मोकळे होते, आणि इमारतींच्या मागचे सोसायटीचे अंगणही नकाशावर लालभडक होऊन बसते. प्रत्यक्षात त्या अंगणात लहान मुले क्रिकेट खेळतात आणि वरून आईने मारलेली हाक त्यांना ऐकू येते. रस्त्यासमोरचा दर्शनी भाग आणि मागची बाजू यांत दहा-पंधरा डेसिबलचा फरक सहज पडतो. दहा डेसिबल म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा. ज्या घराच्या एका बाजूला निवांत खोली आहे ते घर आणि जे चारही बाजूंनी आवाजात बुडाले आहे ते घर, हा भेद अशा नकाशात पुसला जातो. नगररचनेला नेमका तोच हवा असतो.

दुसरी उणीव मला अधिक मोठी वाटते. मीटरला आवाजाची बेरीज कळते, बाप कळत नाही. एखाद्या खिडकीपाशी रात्री ६८ डेसिबल भरले, तर त्यात ट्रक किती, उड्डाणपुलाच्या सांध्यांची धडधड किती, मेट्रोचे बांधकाम किती आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलचा एक्झॉस्ट किती? हे वेगळे निघाले नाही तर नोटीस कुणाला काढायची? ट्रक वाहतूक पोलिसांचे, पूल बांधणाऱ्या यंत्रणेचा, मेट्रो प्राधिकरणाची, हॉटेल महापालिकेच्या परवान्यावरचे. एकत्र आकडा हाती आला की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि चौघांचेही थोडेथोडे खरे असते.

युरोपने आधी काय केले

मॅपिंगची कल्पना ज्या रूपात आज जगभर वापरली जाते, ती युरोपीय संघाच्या २५ जून २००२च्या निर्देशातून आली. तिथे नकाशा मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. रस्त्यावरून तासाला कोणत्या वर्गाची किती वाहने कोणत्या वेगाने जातात, पृष्ठभाग कसला आहे, चढ किती, यांवरून स्रोताची ताकद ठरते. मग जमिनीचा उंचसखलपणा, इमारतींची उंची, भिंती, परावर्तन, हवामान यांतून तो आवाज प्रत्येक घरापर्यंत चालवत नेतात. मीटर येतो तो शेवटी, हिशोब जागेवर आहे ना हे तपासायला. रस्ता, रेल्वे, विमानतळ आणि कारखाने यांचे चार वेगळे नकाशे निघतात. त्यामुळे कोणाचा वाटा किती, हा प्रश्न मुळातच सुटलेला असतो.

पहिली फेरी २००७ची. अडीच लाखांवरची शहरे, वर्षाला ६० लाख वाहनांवरचे रस्ते, ६० हजार गाड्यांवरचे लोहमार्ग, ५० हजार उड्डाण-अवतरणांवरचे विमानतळ. पुढच्या फेरीत शहरांची अट एक लाखावर आणि रस्त्यांची ३० लाख वाहनांवर आली. ३० लाख म्हणजे दिवसाला साधारण ८,२००. घोडबंदरला एवढी वाहने मोजायला दिवसभर थांबावेही लागणार नाही. अडीच लाखांची अट लावली तरी २०१६ साली महापालिका असलेले आपले प्रत्येक शहर पहिल्याच फेरीत बसले असते. परभणीसुद्धा, २०११च्या जनगणनेत तिची वस्ती तीन लाखांवर होती.

या निर्देशातल्या दोन गोष्टी मला आपल्या प्रकरणाशी ताडून पाहाव्याशा वाटतात. पहिली, त्याच्या कक्षेत शेजाऱ्यांचा आवाज, घरगुती कामांचा आवाज, कामाच्या जागेवरचा आवाज येतच नाही. मॅपिंगसाठी धरले जातात ते वाहतूक आणि उद्योग. म्हणजे बेडेकरांच्या याचिकेचा मूळ विषय, वर्षातल्या ठरावीक रात्री वाजणारा लाऊडस्पीकर, या प्रकारच्या नकाशात उमटणारच नाही. वर्षभराची सरासरी काढली की दहा दिवसांचा डीजे त्यात विरघळून जातो. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्या दुखण्याला पोलीस ठाण्याचा फोन लागतो. मात्र ज्या याचिकेतून नकाशा निघाला, त्या याचिकेच्या तक्रारीला तो नकाशा उत्तर देत नाही, हे आधी मान्य केलेले बरे.

दुसरी गोष्ट गमतीची. युरोपीय निर्देशात मर्यादाच नाही. नकाशा काढा, त्यात ५५ डेसिबलच्या वर किती माणसे राहतात ते मोजा, लोकांसमोर ठेवा, कृती आराखडा करा. मर्यादा किती ठेवायची ते ज्या त्या देशाने ठरवायचे. आपल्याकडे नेमके उलटे. आपल्याकडे मर्यादा पहिल्यापासून कोष्टकात बसलेल्या आहेत: निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. नव्हता तो नकाशा.

किती माणसे, हा प्रश्न तिथे केंद्रस्थानी आहे. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०२०च्या अहवालानुसार रस्त्यांच्या आवाजामुळे ५५ डेसिबलच्या वर जगणारे लोक किमान ११ कोटी ३० लाख, रेल्वेचे २ कोटी २० लाख, विमानांचे ४० लाख आणि कारखान्यांचे १० लाखांहून कमी. कारखान्यांचा आकडा इतका लहान दिसण्यामागे एक कारण आहे. उद्योगांचे मॅपिंग फक्त मोठ्या शहरांच्या हद्दीत होते. हद्दीबाहेरचा कारखाना आणि त्याच्या कुंपणाला लागून असलेले गाव मोजणीतच येत नाही. तरीही रस्ता पहिल्या क्रमांकावर आणि तोही फार मोठ्या अंतराने, हे चित्र आपल्याकडे वेगळे असेल असे मानायला काही आधार दिसत नाही.

घोडबंदर, कागदावर

आता रस्ता मांडू. कापूरबावडीपासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, पुढे गायमुख. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये तीन-चार दशकांपूर्वीची कारखान्यांची आणि शेतीची जमीन, आता गृहसंकुलांची. पूर्व द्रुतगती मार्गाकडून अहमदाबाद महामार्गाकडे जायची ही वाट. उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर आणि सकाळी स्टेशन गाठायला निघालेला ठाणेकर एकाच डांबरावर.

पहिला आकडा वाहनांचा. इथेच घोडे पेंड खाते. आपल्याकडे रस्त्यांच्या अहवालांत वाहतूक बहुधा ‘पीसीयू’मध्ये, म्हणजे ‘पॅसेंजर कार युनिट’मध्ये, दिलेली असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या १९९०च्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे १, ट्रक किंवा बस म्हणजे २.२ ते ३.७, रिक्षा १.२ ते २, दुचाकी ०.५ ते ०.७५. हे माप रस्त्यावर कोण किती जागा अडवते त्याचे आहे. एका कार्यालयातून मला एकदा अख्ख्या जिल्ह्याची मोजणी मिळाली होती, तीही केवळ एकूण पीसीयूच्या रूपात. मूळ तक्ते कुठे आहेत विचारल्यावर उत्तर आले, “बेरीज दिली ना साहेब, आता वेगळं कशाला पाहिजे?”

वेगळे का पाहिजे ते पाहा. शहरी वेगाला अवजड ट्रकचा आवाज ढोबळ मानाने दहा मोटारींइतका धरता येतो. समजा, एका तासात दिवसा ३,००० मोटारी जातात आणि ट्रक नाहीत. रात्री तासाला १,५०० मोटारी आणि ३०० ट्रक. पीसीयूच्या हिशोबाने, एक ट्रक ३ धरून, दिवसाचे ३,०००, रात्रीचे २,४००. म्हणजे रात्र हलकी. आवाजाच्या हिशोबाने दिवसाचे ३,०००, रात्रीचे १,५०० अधिक ३,०००, म्हणजे ४,५००. रात्र दिवसापेक्षा जवळजवळ दोन डेसिबल जड. आणि कायद्याची रात्रीची मर्यादा दिवसापेक्षा दहा डेसिबल खाली.

हे उदाहरण कल्पनेतले असले, तरी त्यामागचे कारण खरे आहे. ठाण्यात गर्दीच्या वेळी अवजड वाहनांना बंदी असते आणि रात्री मुभा. तास वेळोवेळी बदलतात, तत्त्व तेच. कोंडी सोडवण्याच्या दृष्टीने निर्णय योग्य आहे, मीही तोच घेतला असता. पण त्या निर्णयाने दिवसाचा आवाज उचलून रात्री दहानंतरच्या खिडक्यांवर नेऊन ठेवला, आणि हे कुठल्याही कागदावर दिसत नाही, कारण वाहतूक शाखेच्या कागदावर आवाजाचा रकाना नाही.

दुसरी अडचण गाड्यांच्या जातीची. युरोपची सध्याची सामाईक गणनपद्धत, जिला ‘क्नॉसॉस’ म्हणतात, वाहनांचे पाच वर्ग करते: हलकी, मध्यम जड, जड, दुचाकी आणि पाचवा वर्ग मोकळा, पुढेमागे लागला तर असू द्यावा म्हणून. हे वाचले तेव्हा मला हसू आले. तो पाचवा वर्ग आपल्या रिक्षेसाठीच राखून ठेवला असावा! गंमत सोडा, पण रिक्षा, टेम्पो, सायलेन्सर बदललेली बुलेट, यांची आपल्या रस्त्यावर मोजून काढलेली ध्वनिमापे हाती असल्याशिवाय परदेशी सॉफ्टवेअर आणून घोडबंदरवर चालवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणे.

आणि हॉर्न. या गणनपद्धतींना हॉर्न माहीतच नाही. तिथे तो अपवाद आहे, आपल्याकडे तो बोलण्याची भाषा आहे. हॉर्नचा आवाज ९३ ते ११२ डेसिबलच्या दरम्यान असावा असे आपल्या मोटार वाहन नियमांत आहे, म्हणजे कमीत कमी किती मोठा हवा तेही ठरलेले. एक हिशोब करू. एखाद्या खिडकीपाशी हॉर्नशिवाय तासाची सरासरी पातळी ७० डेसिबल आहे. त्या तासात १०० डेसिबलने पोहोचणारे, एकेक सेकंदाचे, फक्त दहा हॉर्न वाजले. सरासरी जाते ७६च्या घरात. ३,६०० सेकंदांपैकी दहा सेकंदांनी बाकीच्या अख्ख्या तासाच्या वाहतुकीपेक्षा जास्त ऊर्जा ओतली. दहा हॉर्न वाजायला सिग्नल हिरवा व्हायचा अवकाश.

वेगाचा मुद्दा याला जोडूनच येतो. मोटार ताशी साधारण ३०-४० किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिनापेक्षा टायरचा आवाज मोठा होतो. युरोपात त्यामुळेच सच्छिद्र डांबराचे शांत रस्ते करून तीन-चार डेसिबल कमी करता येतात. दिवसा कोंडीत रांगणाऱ्या घोडबंदरला ते डांबर घातले तर पैसे वाया. तिथे आवाज इंजिनाचा, गिअर बदलण्याचा आणि हॉर्नचा. रात्री रस्ता मोकळा झाला की ट्रक सुसाट जातात, तेव्हा टायर बोलू लागतो, पण ट्रकच्या बाबतीत इंजिनाचा वाटा बऱ्याच जास्त वेगापर्यंत टिकतो. परदेशातला उपाय इथे का चालणार नाही, हे नकाशाच्या आतल्या या बारीक आकड्यांतून कळते. लाल पट्ट्यातून कळत नाही.

मग उंची. युरोपीय नकाशा जमिनीपासून चार मीटरवर काढतात, म्हणजे आपल्या पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी. त्यांच्या तीन-चार मजली शहरांना ते पुरते. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ इथे उड्डाणपूल आहेत, म्हणजे ट्रकच मुळी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून जातो. चार मीटरवर, पुलाच्या खाली, कठड्याच्या आडोशाला नकाशा थोडा निवलेला दिसेल आणि सातव्या मजल्यावरचे आजोबा गोळी घेऊन झोपत असतील. पुलावर आवाजरोधक पत्रे लावले तर त्यांच्या सावलीत येणारे मजले निवतील, वरचे तसेच राहतील. इथे सपाट नकाशा उपयोगाचा नाही. इमारतीच्या दर्शनी भागाचा, मजल्यागणिक रंगवलेला नकाशा लागेल. त्यासाठी प्रत्येक इमारतीची खरी उंची लागेल. ती बांधकाम परवानगीच्या फायलीत आहे, ध्वनिनकाशाच्या टेबलावर नाही.

खाडीची बाजूही विसरू नये. थंडीच्या रात्री दूरच्या आगगाडीची शिटी जवळ आल्यासारखी ऐकू येते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज वर उडून न जाता वाकून पुन्हा खाली येतो. ठाण्यात आगगाडी १६ एप्रिल १८५३ला आली, तेव्हापासून या गावाला तो अनुभव असणार. गणनपद्धतीत अशा रात्रींचा वाटा वर्षात किती, हा आकडा भरावा लागतो. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठासाठी तो युरोपच्या पुस्तकातून उचलून चालणार नाही.

शेवटी माणसे. कोणत्या इमारतीत किती लोक? शेवटची जनगणना २०११ची. तीत ठाणे महापालिकेची वस्ती १८ लाख ४१ हजार. घोडबंदरचे आजचे निम्मे टॉवर तेव्हा पायाच्या खड्ड्यात होते किंवा ब्रोशरमध्ये. मालमत्ता कराच्या नोंदींतून सदनिका मोजता येतात आणि त्यांना सरासरी कुटुंबाने गुणता येते. ढोबळ आहे, पण चालण्यासारखे आहे.

वागळे इस्टेटची छोटी गोष्ट

उद्योगांचा भाग मी थोडक्यात आटोपतो, कारण ठाण्यात तो स्वतःच आटोपत आला आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. आज तिथे कारखान्यांच्या शेजारी आयटी कार्यालये आहेत. घोडबंदरच्या कितीतरी संकुलांखालची जमीनही कधीकाळी कारखान्याचीच. प्रश्न असा की, अशा जमिनीवर राहायला आलेल्या माणसाला रात्री ७० डेसिबलची मर्यादा लागू की ४५ची? २५ डेसिबलचा फरक आहे, ऊर्जेच्या भाषेत तीनशेपट. नियमांच्या कोष्टकाखाली एक टीप आहे: मिश्र भाग असेल तर सक्षम प्राधिकरणाने तो चारपैकी एका वर्गात घालावा. घालेपर्यंत काय, हे टीप सांगत नाही. नकाशाचा खालचा थर, म्हणजे कोणता भाग कोणत्या वर्गातला हे ठरवणारा थर, आवाज मोजण्याच्या आधी पक्का व्हायला हवा. तो न करता काढलेल्या नकाशावर ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असे लिहिणे धाडसाचे आहे.

आवाज तोच, रंग वेगळा

हा खालचा थर किती डळमळीत आहे, याचा नमुना निकालानंतर वर्षभरातच मिळाला. रुग्णालये, शिक्षणसंस्था, न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र, अशी समजूत तोवर चालत होती. १० ऑगस्ट २०१७ला केंद्राने नियमांत दुरुस्ती केली. राज्य सरकारने खास अधिसूचित केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्रात मोडणार नाही. गणेशोत्सव तोंडावर होता. उच्च न्यायालयाने १ सप्टेंबरला दुरुस्तीला स्थगिती दिली, सर्वोच्च न्यायालयाने ४ सप्टेंबरला त्या स्थगितीला स्थगिती दिली. मॅपिंग करणाऱ्याच्या बाजूने विचार करा. रुग्णालयाच्या फाटकापाशी दिवसा ६० डेसिबल. ९ ऑगस्टला हा बिंदू मर्यादेच्या दहा डेसिबल वर, म्हणजे गडद लाल. ११ ऑगस्टला भोवतालचा भाग व्यापारी धरला तर तोच बिंदू मर्यादेच्या आत, हिरवा. रस्त्यावरच्या एकाही गाडीने आवाज कमी केलेला नव्हता.

विमानतळांचेही तसेच. जून २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने विमानतळांभोवती वेगळे ध्वनिक्षेत्र आणले. वर्षाला ५० हजारांवर उड्डाणे-अवतरणे असलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. ५० हजारांचा उंबरठा युरोपचाच आहे. पण तिथे तो नकाशा काढण्याचा उंबरठा, इथे तो मर्यादा सैल करण्याचा. मुंबई विमानतळाशेजारच्या वस्तीतल्या माणसाची रात्र कायद्याने २० डेसिबल अधिक सहनशील ठरली.

तक्रारीचा नियमही इथेच नोंदवून ठेवतो. नियम ७ प्रमाणे तक्रार करता येते ती पातळी मर्यादेच्या १० डेसिबल किंवा अधिक वर गेली तर, किंवा रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर. म्हणजे निवासी भागात दिवसा ६४ डेसिबल असेल तर ते बेकायदा आहे, पण केवळ पातळीच्या आधारावर त्याची तक्रार करता येत नाही. म्हणून नकाशावर माझ्या मते दोन रेषा हव्यात, एक मर्यादेची आणि एक तक्रारीची. त्या दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात किती लोक राहतात, हा आकडा कोणत्याही महापालिकेने एकदा काढून पाहावा.

फाईल कुणाच्या टेबलावर

विकास आराखडा साधारण वीस वर्षांनी बदलतो. त्यात आवाजाची काळजी घ्यायची तर अंतर ठेवा, असा सल्ला पटकन सुचतो. अंतराचे गणित असे: रस्त्यासारख्या लांब स्रोतापासून अंतर दुप्पट केले की तीन डेसिबल कमी. रस्त्यापासून २० मीटरवर रात्री ७० डेसिबल असतील, तर केवळ अंतराच्या जोरावर ४५ गाठायला सहा किलोमीटरहून जास्त दूर जावे लागेल. तेवढे अंतर कापायचे तर येऊरचा डोंगर ओलांडूनही चालत राहावे लागेल. जमीन, झाडे आणि मध्ये येणाऱ्या इमारती बराच आवाज खातात, म्हणून प्रत्यक्षात इतके लागत नाही. त्यावरून एक रचना सुचते: रस्त्याकडेला दुकाने, कार्यालये, पार्किंगचे मजले यांची सलग भिंत आणि तिच्या मागे घरे. घोडबंदरला आपण बहुतेक ठिकाणी उलटे केले. उत्तम ‘हायवे व्ह्यू’ची शयनगृहे रस्त्यासमोर दिली, वर सरकत्या काचेच्या खिडक्या. खिडकी उघडी असली तर बाहेरचा आवाज आत येताना दहा-पंधरा डेसिबलच उतरतो, आणि मे महिन्यात ठाण्यात खिडकी बंद ठेवायची तर एसी लागतो.

उभे राहिलेले टॉवर आता हलत नाहीत. उरतो स्रोत. वरच्या कल्पित रात्रीचेच आकडे घेऊन पर्याय तपासले, तर निम्मे ट्रक दुसऱ्या वाटेने गेले की १.८ डेसिबल कमी. सगळे गेले तर ४.८. आणि हॉर्नचा जो हिशोब मांडला होता, त्यात दहा हॉर्न बंद झाले की ५.८. ट्रक वळवायला पर्यायी रस्ता, पूल, भूसंपादन, सगळे आले. हॉर्नसाठी यांतले काहीच नको. मुंबई वाहतूक पोलिसांनी २०२०च्या सुरुवातीला एक प्रयोग लोकांसमोर मांडला होता. सिग्नलवर आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोक हसले, व्हिडिओ फिरला. कल्पना मला तरी चोख वाटते, कारण दंड त्याच चौकात, त्याच मिनिटाला भरावा लागतो.

रात्रीच्या हॉर्नला तर नवा नियमही लागत नाही. ध्वनिप्रदूषण नियमांत २०१०च्या दुरुस्तीने आलेला नियम ५अ निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा हॉर्नला मनाई करतो, आणीबाणी सोडून. ज्या वर्षी बेडेकरांची याचिका दाखल झाली, त्याच वर्षीची ही दुरुस्ती. घोडबंदरचा नकाशा स्रोतवार निघाला, तर त्यातला सगळ्यात स्वस्त डेसिबल याच रकान्यात सापडेल आणि ती फाईल नगररचना विभागाकडे न जाता वाहतूक शाखेकडे जाईल. त्या शाखेच्या नमुन्यात आवाजाचा रकाना आधी छापून घ्यावा लागेल.